धरणारा

"तं मंडयी, पयल्या मानसाचे दोनी हात तिनं घान्याच्या दगडाखाली ठेवले. तोंडात बोया कोंबला. आन् मंग बाप्पा, तिनं बटन दाबलं..."

इथं जरा थांबायचं, असं दीक्षानं ठरवलं होतं. ऐकणाऱ्याच्या कानात दगड फिरला पाहिजे. ती थांबली आणि नेमक्या त्याच फटीत कुठूनतरी आवाज आला.

धप्.

"अर्रे!" तिनं मोबाईल उचलला, झालेलं रेकॉर्डिंग पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. अमरावतीच्या राजापेठेतल्या या दुसऱ्या मजल्यावर बोलायला दुपारची एवढीच वेळ बरी असायची. ट्यूशनची पोरं वर्गात कोंबलेली असायची, खालचे हॉर्न थोडे दमायचे, मैत्री झोळीत झोपायची. खिडकीला गादी टेकवायची, दार लावायचं, डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि आत घामाघूम होत परदेशातले खून वऱ्हाडीत सांगायचे. अकोल्याच्या शिवमचं चॅनल होतं. परदेशी सिनेमे आपल्या बोलीत सांगणारं. एम.ए. झालेल्या दीक्षानं मैत्री पोटात असताना कॉलेजातली तासिकेवरची नोकरी सोडली होती, हे काम मात्र मुलीला नजरेआड न करता करता येत होतं. सिनेमाच्या शेवटी 'जमलं काय, फसलं काय' हा भाग तिनंच सुरू केला होता. शिवमला तो अजिबात आवडत नसे.

सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता. "ताई, स्पॅनिश सिनेमा हाय तो. बदल्याचा. लोकाईले रक्त पाह्यजे. तू फसलं काय सांगाले लागली का लोक तठीच बंद करते. मारामारी ताण जराशी."

"अरे, पण दुसरा अर्धा भाग फसलाच आहे त्याचा."

"तं फसू दे ना! तुह्या काय घरचा हाय?"

सिनेमा होता ऑलिव्हच्या बागांमधल्या एका गावातला. पिलार नावाची बाई तेलाच्या घाण्यावर कामाला असते. तिच्या एकुलत्या एका पोराला दारूच्या गुत्त्याबाहेर तिघं मारतात. एक पहारा देतो, एक मागून दोन्ही हात धरतो, एक सुरा खुपसतो. पोलीस कागद बंद करतात, आणि पिलार एकेकाला गाठते. पहिला अर्धा भाग दीक्षाला मनापासून आवडला होता. बाई बोलतच नाही. कॅमेरा तिच्या हातांवर असतो, तेलानं काळ्या पडलेल्या नखांवर. आणि पहिला खून तर असा, की बघणाऱ्याला बदल्याची चव लागूच नये. माणूस लवकर मरत नाही. हाडं चुरतात, तो कपड्यात घाण करतो, बोळ्याआडून आईला हाका मारतो, आणि पिलार शेजारी बसून पाणी पिते. पुढं मात्र सिनेमाला रक्ताची झिंग चढते. दुसरा गाडीत कोंडून जाळला जातो, तिसऱ्याचा गळा कोयत्यानं, संथ गतीत, मागे गाणं. पोलीस कुठं गेले कोण जाणे. बाईला एक ओरखडा नाही.

हे सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. फक्त सांगायचं होतं.

"तं मंडयी, पयल्या मानसाचे दोनी हात..."

धप्. धप्.

कोणीतरी काहीतरी कुटत होतं. वरच्या मजल्यावरची चंदाकाकू दुपारी मिरच्या कुटते की काय? दीक्षानं दात खाल्ले. झोळीकडे पाहिलं. मैत्रीचा अंगठा तोंडात होता, छाती खाली-वर होत होती. दर वेळी उठताना ती हे पाहायचीच. श्वास चाललाय ना, दोरी ढिली नाही ना, खिडकीची कडी लागलीय ना. लग्नाआधी ती अशी नव्हती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती.

आवाज पुन्हा आला, आणि या वेळी तिला कळलं की तो वरून येत नाहीये. तो घरातूनच येतोय.

घरात तिच्याशिवाय फक्त बाबा होते.

डोमाजी चार दिवसांपासून लेकीकडे होते. अकोल्याच्या घरी गल्लीतल्याच पंकजकडची माणसं सारखी येऊन बसत होती. चहा पीत, हात जोडत आणि जाताना दारात थुंकत. उद्या कोर्टात डोमाजींची साक्ष होती. "तोवर तुम्ही अमरावतीले जा, मी पायते त्याइले," असं म्हणून दीक्षाच्या आईनं, दुर्गाबाईनंच त्यांना गाडीत बसवलं होतं. ते आल्यापासून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. नात रांगत पायाशी आली की पाय आखडून घेत. मैत्री दोन्ही हात वर करून उभी राहायची, आणि ते आपले हात पाठीमागे नेत. तिच्या जन्मापासून त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. "मले आता ताकद नाई, बाई," म्हणत.

एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं टायर चढवलेला माणूस! अकोल्यात त्यांच्या गल्लीत म्हणच होती, 'डोमाजीनं धरलं का सुटत नाई.' पोरं मुद्दाम मनगट पुढं करायची आणि सोडवून दाखवायची पैज लावायची. कोणाचंच सुटायचं नाही. नागसेनचंसुद्धा.

नागसेन दीक्षाचा धाकटा भाऊ. भांडण कसलं, तर पंकजनं आपली मालवाहू रिक्षा यांच्या दारात आडवी लावली होती. एवढंच. काढ म्हटलं, काढत नाही म्हटलं. मायबहिणीवरून शिव्या झाल्या, कॉलर धरली गेली, नागसेननं पंकजच्या कानाखाली जाळ काढला. आणि आपल्याकडे भांडणात वडीलधारी माणसं जे करतात, तेच डोमाजींनी केलं. दुसऱ्याच्या पोराला हात लावायचा नाही, आपल्या पोराला आवरायचं. आधी आपलं धरायचं. त्यांनी मागून जाऊन नागसेनला कवळा घातला, दोन्ही हात दंडापासून आवळले. "हो मागं! बस झालं!" असं ते म्हणत असतानाच पंकजनं रिक्षातला जॅकचा दांडा काढला आणि समोरून नागसेनच्या डोक्यात घातला. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्या वेळी कवटी आत बसल्याचा आवाज गल्लीनं ऐकला. रक्त डोमाजींच्या तोंडावर, चष्म्यावर, छातीवर उडालं. ते पोराला धरूनच होते. तो मेल्यावरसुद्धा त्यांची मिठी शेजाऱ्यांना सोडवावी लागली होती.

हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोलिसांना, वकिलांना ठाऊक होतं. घरात मात्र त्या तीन वर्षांत 'धरलं' हा शब्द कोणी काढला नव्हता.

काल दीक्षानं तो काढला होता.

काल ती सिनेमा बघत होती. मैत्री इअरफोनची वायर चावते म्हणून आवाज मोकळाच होता, हिंदीत. आणि पिलार पहिल्या माणसाला घाण्याशी बांधताना म्हणाली होती, की सुरा मारणारा नंतर, आधी तो ज्यानं धरलं होतं. मागून बाबांनी विचारलं, "हे बाई याले पयले काहून मारते वं?"

दीक्षाची नजर पडद्यावर होती. मनात मुद्दे जुळत होते. वर्गात पोरानं प्रश्न विचारावा आणि बाईंनी उत्तर द्यावं, तसं ती म्हणाली, "बाबा, त्यानं धरलं नसतं तर पोरगा पळाला नसता का?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. तिनं मागे वळून पाहिलं. डोमाजी बशीतल्या चहावर फुंकर मारत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले.

धप्.

दीक्षा धावली. खोलीत खुर्ची रिकामी होती. मागचं दार अडवायला ठेवलेला वरवंटा जागेवर नव्हता, आणि दार वाऱ्यानं हलत होतं. न्हाणीचं दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं.

डोमाजी फरशीवर उकिडवे बसले होते. उजवा हात उंबऱ्याच्या दगडावर पसरलेला, डाव्या हातात वरवंटा. तोंडात त्यांनी आपला रुमाल कोंबला होता. बोटं ओळखू येत नव्हती. अंगठ्याखालून हाडाचं पांढरं टोक वर आलं होतं, नखं उलटली होती, आणि रक्त न्हाणीच्या उतारानं जाळीकडे चाललं होतं. दारात लेक दिसताच त्यांनी घाई केल्यासारखा वरवंटा पुन्हा उचलला.

"बाबा!"

धप्.

तिनं अंगावर झेप घेतली. वरवंटा धरला, तर तो सुटेना. साठीच्या पुढचा माणूस, एक हात चिंधड्या झालेला, तरी पकड तीच होती. तिनं त्यांच्या मनगटाला चावा घेतला. मांसात दात रुतेपर्यंत. तेव्हा दगड निसटून तिच्याच पायावर आदळला. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मैत्री उठली असती.

रुमाल काढल्यावर ते धापा टाकत होते. मग म्हणाले, "दुसरा कसा फोडू, त्याचाच इचार करून राहिलो होतो. एक फुटल्यावर दुसरा कोन्या हातानं फोडनार?"

दीक्षानं मैत्रीचं दुपटं त्या हाताभोवती गुंडाळलं. ते लगेच लाल झालं. दुसरं गुंडाळलं.

"बाबा, तो सिनेमा आहे," ती म्हणत राहिली. "खोटा आहे तो. खोटा आहे."

"धरनारा तं खरा हाय ना, बाई."

मोर्शी रोडवरच्या खताच्या दुकानातून तिचा नवरा ललित धावत आला. दवाखाना, एक्स-रे, टाके, प्लॅस्टर. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. डोमाजी म्हणाले, दगड पडला. डॉक्टरांनी दीक्षाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिच्या स्वतःच्या पायाचा अंगठा काळानिळा झाला होता. तारीख पुढं मागू, असं ललितनं सुचवलं तेव्हा मात्र डोमाजी ताडकन उठून बसले. "तीन वर्सं पुढंच चालली ते. उद्या जानार म्हंजे जानार."

सकाळी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या गाडीत दीक्षा मैत्रीला मांडीवर घेऊन बापाशेजारी बसली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरातले सुरी-विळे तिनं कपाटात कोंडले होते. आता नवीनच भीती होती. सरकारी वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, विचारलं तेवढंच बोला. समोरचा वकील पाण्यातला साप आहे. तो 'धरलं' हाच शब्द पकडणार. बाबा कोर्टात कोसळले, भलतंसलतं बोलले, तर पंकज सुटतो. आणि पंकज सुटला, तर बाबांचा दुसरा हातही राहत नाही, आणि हातावर थांबेल असंही नाही. हे तिला स्वच्छ दिसत होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात पंकजची आई डबा घेऊन बसली होती. मैत्रीकडे पाहून तिच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच विझलं. दीक्षाच्या मनात आलं, सिनेमात त्या तिघांच्या आया कुठंच दाखवल्या नाहीत. तिनं पदर ओढून मैत्रीचं तोंड झाकलं.

दुर्गाबाई आधीच येऊन बसली होती. तिची साक्ष मागच्या तारखेला झाली होती. तिनं नवऱ्याचं प्लॅस्टर पाहिलं. मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "झाली का न्याहारी?" एवढंच विचारलं.

डोमाजी पिंजऱ्यात उभे राहिले. पलीकडे जामिनावर सुटलेला पंकज, पांढरा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून, नखं खात. समोरचा वकील हळू आवाजात बोलणारा होता. आधी त्यानं गल्लीची रुंदी विचारली, ऊन कुठून येत होतं ते विचारलं. मग जवळ आला.

"डोमाजी, तुमची पकड फार मजबूत आहे म्हणतात."

"होती."

"त्या दिवशी तुम्ही मुलाला मागून धरलं होतं. हो की नाही?"

दीक्षानं मैत्रीला इतकं आवळलं की ती कुरकुरली.

"हो. धरलं."

"धरलं आणि मागे ओढलं. बरोबर? तो वाकला. खाली आला. माझ्या अशिलाचा नेम पायावर होता. तुम्ही ओढलंत म्हणून त्याचं डोकं दांड्याखाली आलं. तुम्ही धरलं नसतं, तर तुमचा मुलगा आज जिवंत असता. असंच ना?"

सरकारी वकील हरकत घेत उभे राहिले. पण डोमाजींनी प्लॅस्टरचा हात वर केला होता. शपथ घेताना करतात तसा.

"बोलू द्या मले," ते म्हणाले. "धरलं नसतं तं जित्ता असता, हे बराबर हाय. पन ओढलं नाई. मी टायरवाला मानूस हाय, साहेब. मी धरतो, ओढत नाई." त्यांनी डावा हात आपल्या छातीवर ठेवला. "पोट्टा अठी होता. माह्या छातीले टेकून, सरका, ताठ उभा. मान हालवता येत नोती त्याले. मी हालूच देलं नाई. मंग सांगा, नेम पायावर होता तं डोक्यात कसा लागला? तेबी दोनदा?"

वकिलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"हालत्या मानसाले मारताना नेम चुकते," डोमाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हा तं हालतच नोता. पयल्या घावाचं रक्त माह्या चष्म्यावर आलं. मी म्हनलं, पंकू, बस बाप्पा, मी धरलं ना त्याले. आन् त्यानं माह्याकडं पायलं. पाहून मंग दुसरा घातला."

पंकजनं नखं खाणं थांबवलं होतं.

"आणखी काही विचारायचंय?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं. वकील कागद चाळत म्हणाला, नाही.

बाहेर कडुलिंबाखाली दुर्गाबाईनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, मुगाची भाजी, मिरचीचा ठेचा. डोमाजींनी सवयीनं उजवा हात पुढं केला, आणि प्लॅस्टर पाहून मागे घेतला. दुर्गाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. माणसं जात-येत होती. डोमाजींनी तोंड उघडलं.

"मी आरडली होती," दुसरा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली. "दारातून. अवो, धरा त्याले, म्हनून. मागच्या तारखेले मले कोनी इचारलं नाई. तुमीबी कधी इचारलं नाई. तीन वर्सं झाले, मी वाट पाहून राहिली, हे आता म्हन्तीन का तुह्या सांगन्यावरून धरलं."

डोमाजी चावायचे थांबले. "मले आयकू नाई आलं."

"खोटं नका बोलू."

"तुह्यी शपथ. काई आयकू नाई आलं. गलबला किती होता."

"मंग काहून धरलं?"

त्यांनी घास गिळला. "तू तेच म्हनली असती म्हून."

दुर्गाबाईनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. मग ते काढून त्याच टोकानं त्यांच्या ओठाला लागलेला ठेचा पुसला आणि आणखी तुकडा मोडला.

दीक्षा मैत्रीला आजीजवळ सोडून कुंपणाकडे गेली. शिवमचे तीन फोन येऊन गेले होते, वर एक मेसेज. 'ताई, बाकी गोष्ट मी सांगून टाकली, शेवट राहिला. फसलं काय ते टाक पटकन, लहानच टाक.' तिनं मोबाईल तोंडाशी धरला. गादी नाही, गोधडी नाही. मागे वकिलांचा, चहावाल्याचा, गाड्यांचा गोंगाट.

"तं मंडयी, फसलं काय या सिनेमात, तं सांगते," ती म्हणाली. "त्या बाईनं पयल्या मानसाच्या तोंडात बोया कोंबला. ज्यानं धरलं होतं त्याच्या. तो काय सांगत होता ते तिनं आयकलंच नाई. आन् सिनेमानंबी नाई."

पुढचं वाक्य जुळत होतं, तेवढ्यात तिनं मागे पाहिलं. मैत्री आजीजवळ नव्हती. अलीकडेच पाऊल टाकायला शिकलेली पोर झुलत झुलत फाटकाच्या दिशेनं निघाली होती, आणि फाटकातून मोटारसायकली आत येत होत्या. दीक्षा दूर होती. दुर्गाबाईचे हात भाजीत होते.

"अवो, धरा तिले!" दुर्गाबाई ओरडली. आणि ओरडून तिनं तोंडावर हात मारला.

डोमाजी उठले. फाटकाच्या अलीकडे त्यांनी नातीला गाठलं. एक गाडी घासून गेली, धूळ उडाली. दीक्षा धापा टाकत पोचली आणि मध्येच थांबली.

त्यांनी मैत्रीला उचललं नव्हतं. डाव्या मुठीत तिच्या फ्रॉकची मागची कड धरली होती. ती पुढं जायला बघत होती, पाय रोवत होती, हसत होती. प्लॅस्टरचा हात अंगापासून लांब धरून डोमाजी वाकून उभे होते. ते तिला ओढत नव्हते. सोडतही नव्हते.